‘नका’ कुठे गेला?

केंद्र सरकारला मराठी माणसाला काही सांगायचं असलं, की ते आधी हिंदीत सांगतं आणि मग नोएडातल्या नाहीतर लाजपतनगरच्या एखाद्या तळघरात मराठी आवाज शोधायला निघतं. हात धुवा, नळ बंद करा, माती तपासून घ्या, अनोळखी माणसाला ओटीपी सांगू नका. चित्र तोवर तयार असतं. हिंदी निवेदनावर कापून, संगीत चढवून, वरच्या साहेबांची सही घेऊन ते बंद झालेलं असतं. या अवस्थेला धंद्यात ‘पिक्चर लॉक’ म्हणतात. या कुलपाची किल्ली कोणाकडेच नसते, निदान मराठीसाठी तरी काढली जात नाही. आता त्या चित्रावर मराठी बसवायची. हे बसवण्याचं काम करून मी पोट भरतो.

दिल्लीत मराठी आवाजाचे दोन साठे आहेत. पहिला पहाडगंजात. बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी शाळेच्या परिसरात चौकशी केली की एखाद्या निवृत्त शिक्षिका काकू सापडतात. आवाज खणखणीत, उच्चार निर्दोष. फक्त त्या संहिता वाचत नाहीत, तपासतात. ‘स्वच्छतेची सवय विकसित करा’ असं लिहिलेलं दिसलं की चष्मा काढून विचारतात, “असं कोणाच्या घरात बोलतात रे?” मग त्या वाक्य सुधारतात. सुधारलेलं वाक्य नेहमीच चांगलं असतं आणि नेहमीच दीड सेकंद लांब असतं.

दुसरा साठा राजिंदर नगरात. तिथे लातूर, सांगली, परभणीहून आलेली यूपीएससीची मुलं राहतात. त्यांना खोलीभाड्याला पैसे हवे असतात आणि आम्हाला आवाज हवा असतो, म्हणून जमतं. ही मुलं कुठलाही मजकूर मुलाखतीच्या मंडळासमोर बसल्यासारखा वाचतात. ‘शेतकरीदादा, मातीचा नमुना घ्या’ या वाक्यातसुद्धा संतुलित दृष्टिकोन ऐकू येतो. शिवाय पूर्वपरीक्षा तोंडावर आली की ते फोन बंद करून ठेवतात, आणि एक शब्द बदलायचा नेमका तेव्हाच निघतो.

आवाज मिळाला तरी मूळ पंचाईत राहतेच. मराठी मजकूर हिंदीपेक्षा थोडा लांबतो. फार नाही, वाक्यामागे अर्धा सेकंद, कधी पाऊण. हिंदीचं ‘है’ एका हबक्यात संपतं, आमचं ‘आहे’ दोन अक्षरं घेतं आणि पुन्हा नीट बोललेलं हवं असतं. साठ वाक्यांच्या फिल्ममध्ये हे अर्धे सेकंद साठले की निवेदक मागे आणि चित्र पुढे अशी वरात सुरू होते. मग कुठेतरी कापावं लागतं.

आणि कापतो कोण? नोएडाच्या स्टुडिओतला मेरठचा किंवा बुलंदशहरचा मुलगा. अत्यंत हुशार, बोटं बिजलीची, पण मराठी शून्य. त्याला आमची भाषा ऐकू येत नाही, दिसते. पडद्यावर आवाजाचे उंचवटे दिसतात, दोन उंचवट्यांमध्ये सपाटी दिसते, त्या हिशेबाने तो वाक्य कुठे संपलं ते ठरवतो. एकदा प्रदूषणावरच्या फिल्मचं काम चाललं होतं. हिंदी वाक्य होतं, ‘कूड़ा न जलाएँ’. मराठी, ‘कचरा जाळू नका’. हिंदीत नकार क्रियापदाच्या आधीच येऊन बसतो. मराठीत सगळं सांगून झालं, ऐकणारा उठायला लागला, की नकार येतो. चित्रात बाई काडी विझवते, लगेच पुढचं दृश्य, त्यावर नवं वाक्य. आमचं वाक्य अर्धा सेकंद पलीकडे सांडत होतं. मुलाने पाहिलं, शेवटी एक छोटा उंचवटा उगाच लोंबकळतोय. छाटला.

उरलं ते ‘कचरा जाळू’. अत्यंत प्रसन्न, आश्वासक आवाजात, मागे सतार. एकदा पद्धत बसल्यावर त्याने पुढची सगळी वाक्यं तशीच नीट केली. ‘रस्त्यावर थुंकू’. ‘पाणी वाया घालवू’. शेवटी बासरीच्या साथीने ‘अफवांवर विश्वास ठेवू’. एखाद्या प्रामाणिक राजकीय पक्षाचा जाहीरनामाच. मानधनाचा चेक न्यायला आलेल्या काकूंनी तो योगायोगाने ऐकला म्हणून महाराष्ट्र वाचला. मुलाला विचारलं तेव्हा तो निरागसपणे म्हणाला, “सर जी, आख़िर में थोड़ा-सा बचा हुआ था, साफ़ कर दिया।” त्याचा दोष म्हणावा तर तोही नाही. हिंदी वाक्याची शेपटी छाटली तर फार तर आदर जातो. मराठीची छाटली तर कायदा बदलतो.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो: नको असलेला आवाज गप्प करायचा, कापायचा नाही. सॉफ्टवेअरमध्ये या दोन्हींची बटणं वेगळी असतात, आणि ही साधी बाब निम्म्या जगाला ठाऊक नसते. ऑडॅसिटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर घ्या किंवा महागातलं प्रीमियर घ्या, निवेदकाला दुसऱ्या मिनिटाला आलेला खोकला ‘डिलीट’ करण्याचे दोन प्रकार आहेत. एकात खोकल्याच्या जागी तेवढ्याच लांबीची शांतता उरते, पुढचं जागचं हलत नाही. दुसऱ्यात खोकला जातो आणि त्याच्यामागचं सगळं निवेदन पुढे सरकतं, त्याला ‘रिपल’ म्हणतात. पंगतीतून मधलाच एक पाहुणा उठवून सगळ्यांना एकेक पान सरकायला लावल्यासारखं. वाढपी मात्र ठरलेल्या क्रमानेच वाढत येतो, आणि पथ्याचं ताट मधुमेहवाल्या आजोबांऐवजी नवरदेवाच्या मित्रासमोर येतं. खोकला कापला दुसऱ्या मिनिटाला, पण परिणाम दिसतो पाचव्या मिनिटाला. निवेदक सांगतो ‘हे आपले तज्ज्ञ मार्गदर्शक’ आणि पडद्यावर शेळी. सगळे पाचव्या मिनिटात चूक शोधत बसतात. शेळी पुन्हा पुन्हा पाहिली जाते.

ऑडॅसिटीत यासाठी ‘सिंक-लॉक’ नावाची सोय आहे, म्हणजे एका ट्रॅकमध्ये घातलं-काढलं की जोडलेले ट्रॅकही तेवढेच सरकतात. सोय चांगली. पण ती आवाजांना आवाजाशी बांधते. आमचं चित्र तिकडे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सहीनिशी, साहेबांच्या कपाटात.

गप्प करण्याचंही एक तंत्र आहे. खोकल्याच्या जागी निखळ शून्य ठेवलं तर ऐकणाऱ्याला वाटतं टीव्ही बिघडला. कारण कुठलीही खोली कधी पूर्ण गप्प नसते. म्हणून ध्वनिमुद्रण झालं की निवेदकाला अर्धा मिनिट काही न बोलता बसवायचं आणि खोलीची ती शांतता मुद्रित करून ठेवायची. याला ‘रूम टोन’ म्हणतात. खोकला जिथून गेला तिथे ही शांतता लावायची. आमच्याकडे काकू हा अर्धा मिनिट बसूच शकत नाहीत. विसाव्या सेकंदाला विचारतात, “झालं का रे?” त्यामुळे आमच्याकडच्या बहुतेक शांततेला वीस सेकंदांनी शेवट आहे.

आता किती चुकलं तर चालतं, याचाही हिशेब आहे. आपल्या टीव्हीत सेकंदाला 25 चौकटी, म्हणजे एक चौकट 40 मिलिसेकंदांची. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची 1998 सालची शिफारस सांगते, की आवाज चित्राच्या साधारण 45 मिलिसेकंद आधी आला तर माणसाला खटकायला लागतं, पण नंतर आला तर 125 मिलिसेकंदांपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. याला कारण निसर्ग. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर चालतो, प्रकाशाशी त्याची बरोबरी नाही, त्यामुळे घाटावरच्या धोब्याचा हात आधी दिसतो आणि धपका मागून येतो. उशिराचा आवाज आपण जन्मभर ऐकत आलोय. लवकरचा आवाज निसर्गात नाही. जागतिक मानकात उशिराला जवळजवळ तिप्पट सवलत आहे हे कळल्यावर आमच्या कचेरीतले सगळेजण त्या संघाचे भक्त झाले. हजेरीच्या वहीशेजारी ते दोन्ही आकडे चिकटवलेले आहेत.

ही झाली ओठांची गोष्ट. ओठ म्हणतात एक आणि आवाज म्हणतो दुसरं, असं झालं तर मेंदू तिसरंच ऐकतो, हे मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी 1976 सालीच दाखवून दिलं होतं. निवेदनाला ओठ नसतात, म्हणून लोकांना वाटतं ते सोपं. चोप्रांच्या ‘महाभारता’त गदा, धनुष्य, अश्रू सांभाळणाऱ्यांचे हाल झाले असतील, पण निवेदक असलेल्या ‘समया’ला नुसतं एक चक्र आणि मागे आवाज, त्याला कोण काय पकडणार? तरी माझा अनुभव उलटा आहे. ओठ चुकले तर चूक मिलिसेकंदांत मोजतात, निवेदन चुकलं तर शेळीत.

चित्र बंद झाल्यावर मंत्रालयातून फोन येतो. फोनची सुरुवात ठरलेली: “बस एक शब्द बदलना है।” दिल्लीत हा एक शब्द बहुतेकदा नाव असतो. नावं बदलावीत की बदलू नयेत यावर माझं मत नाही, कोणी विचारलेलंही नाही. मी फक्त ती सेकंदांत मोजतो. सप्टेंबर 2022 मध्ये ‘राजपथ’चा ‘कर्तव्यपथ’ झाला. राजपथ म्हणायला लागतो तेवढ्या वेळात ‘कर्तव्य’ जेमतेम संपतं आणि ‘पथ’ पुढच्या दृश्यातल्या उंटावर पडतो. ‘रेसकोर्स रोड’चा 2016 साली ‘लोककल्याण मार्ग’ झाला, तिथेही आम्हीच पळालो. त्याच वर्षी गुडगावचं गुरुग्राम झालं, ते जवळपास जागेवर बसलं, म्हणून त्या गावाबद्दल मला आजही माया आहे. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं तेव्हा वेरूळच्या फिल्ममध्ये आख्खं लेणं एक सेकंद मागे ढकलायची वेळ आली. पण नुसती गाऱ्हाणी नकोत. 2020 साली ‘मानव संसाधन विकास मंत्रालया’चं ‘शिक्षण मंत्रालय’ झालं, त्या दिवशी नोएडाच्या तळघरांत ज्याने कोणी मिठाई वाटली नसेल तो संकलक नव्हे. योजना आयोगाचा 2015 साली नीती आयोग झाला तेव्हाही थोडी शिल्लक पडली होती. ती मी जपून वापरली.

शिल्लक कुठून काढायची, ही आमची खरी विद्या. पहिला बळी श्वासाचा. निवेदक दर वाक्याआधी श्वास घेतो, तो निम्म्याने छाटला तर कळत नाही. सगळेच छाटले तर मात्र ऐकणारा स्वतः धापा टाकायला लागतो. मग बोलण्याचा वेग तीन-चार टक्के वाढवायचा, आवाजाची पट्टी तशीच ठेवून. त्यापलीकडे गेलं की शेतकरीदादा लिलाव पुकारतोय असं वाटतं. अगदीच अडलं तर शेवटच्या दृश्यातली एक चौकट ताणायची, म्हणजे हसरी बाई दोन सेकंद जास्त हसते. काही सरकारी फिल्मांत शेवटी माणसं एवढा वेळ का हसत राहतात, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. ती हसत नसतात, मराठी संपायची वाट पाहत असतात.

घरून मुद्रण करून पाठवणाऱ्यांनी वेगळ्याच तऱ्हा आणल्या. राजिंदर नगरची मुलं जानेवारीत जयपुरी रजई डोक्यावरून घेऊन मोबाइलवर निवेदन करतात, आणि खरं सांगायचं तर स्पंज चिकटवलेल्या कित्येक स्टुडिओंपेक्षा रजईतला आवाज चांगला असतो. मे महिन्यात 45 अंशांना हा स्टुडिओ बंद पडतो. पण फाइल सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या हिशेबाने मुद्रित झालेली आणि व्हिडिओचा हिशेब 48,000 चा, अशी गल्लत कोणी वाटेत केली की आवाज जवळजवळ नऊ टक्के वेगाने पळतो, पट्टी सुमारे दीड अर्धस्वराने चढते, आणि सहा मिनिटांचं निवेदन अर्धा मिनिट आधी आटपतं. लातूरचा भारदस्त मुलगा एकदम आठवीत जातो. मोबाइलच्या व्हिडिओची तऱ्हा याहून छुपी. उजेड कमी-जास्त झाला की फोन सेकंदाच्या चौकटीही कमी-जास्त करतो. त्यामुळे सुरुवातीला जुळलेलं शेवटी जुळत नाही, आणि कुठून बिनसलं ते संसारातल्यासारखंच कोणाला सांगता येत नाही.

दिल्लीचा ऋतूही या कामात भागीदार असतो. ऑक्टोबरमध्ये निवेदन झालं आणि दुरुस्तीचं वाक्य नोव्हेंबरात घेतलं तर ते दुसऱ्या माणसाचं वाटतं. मधल्या काळात धुरकं आलेलं असतं. ऑक्टोबरचा निवेदक गंधर्व, नोव्हेंबरचा खलनायक. ‘ही योजना आपल्यासाठीच आहे’ हे एकच वाक्य त्या आवाजात आलं की धमकी वाटते. गंमत अशी, की हवा फार बिघडली की जीआरएपीचा, म्हणजे टप्प्याटप्प्याच्या प्रदूषण-आराखड्याचा वरचा टप्पा लागू होतो आणि बांधकामं थांबतात. डिझेल जनरेटरांवर निर्बंध येतात. वर्षभर शेजारच्या प्लॉटवर घरघरणारं ड्रिल गप्प होतं. म्हणजे अख्ख्या वर्षात मुद्रणाला योग्य अशी शांतता एनसीआरमध्ये तेव्हाच मिळते, जेव्हा बोलायला एकही घसा शिल्लक नसतो. धुरकं सरतं न सरतं तोच लग्नसराईचे बँड येतात. वसंतकुंजच्या बाजूला राहणारे निवेदक विमानं आणि मोर यांच्यामधल्या फटीत वाक्यं म्हणतात. मोराचा आवाज काढून टाकणं हे विमानाचा काढण्यापेक्षा अवघड. विमान निदान एकाच सुरात जातं.

हा सगळा खटाटोप टाळण्याचा एक राजमार्ग होता. प्रभातने 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ काढला तेव्हा डबिंगच्या भानगडीत न पडता चित्रपट मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा चित्रित केला. राजा हरिश्चंद्राने दोनदा राज्य सोडलं, तारामतीने दोनदा दुःख भोगलं, पण ओठ आणि आवाज दोन्हीकडे जागच्या जागी. मी एका बैठकीत सुचवून पाहिलं, की कचरा न जाळणाऱ्या बाईकडून मराठीत पुन्हा एकदा कचरा न जाळून घ्यावा. हिशेब खात्याच्या माणसाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यासाठी भाषांतराची गरज नव्हती.

उपग्रह दूरदर्शनच्या 1975–76 च्या ‘साइट’ प्रयोगात एकाच चित्राबरोबर दोन भाषांतले आवाज पाठवण्याची सोय होती, म्हणजे हे दुखणं तेव्हापासूनचं आहे. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाने त्यावर शहाणपणाचा तोडगा काढला. पडद्यावरचं इंग्रजी तसंच ठेवायचं, निवेदन मराठीत करायचं, आणि कुठलं वाक्य कितव्या सेकंदाला यायला हवं ते संहितेतच लिहून टाकायचं. सेकंदांचा दुसरा रकाना असलेली ही संहिता दिल्लीतल्या एकाही कार्यालयाने मला आजवर दिलेली नाही. मी मागितली तेव्हा “वो तो आपको करना है” असं उत्तर मिळालं.

माझ्या मते या धंद्यातले खरे वीर 26 जानेवारीला कर्तव्यपथावर बसतात. चित्ररथ चालतो त्याच्या गतीने आणि समालोचक बोलतो हातातल्या कागदाच्या गतीने. मध्ये संकलक नाही, ‘डिलीट’ नाही, रूम टोन नाही. रथ अडला तर त्या राज्याच्या लोककलेबद्दल आणखी काही आठवावं लागतं, रथ पळाला तर निम्मी संस्कृती गिळावी लागते. 2015 साली पंढरीच्या वारीचा आणि 2018 साली शिवराज्याभिषेकाचा असे महाराष्ट्राचे दोन चित्ररथ तिथे पहिले आले. दिल्लीतली मराठी मंडळी आपला रथ येईपर्यंत थंडीत कुडकुडत बसतात आणि तो आला, की इतका गलका करतात की समालोचन कोणालाच ऐकू येत नाही.

आता यंत्राचे आवाज आले आहेत. मजकूर द्या, लांबी सांगा, तेवढ्यात बसवून देतात. यंत्र श्वास घेत नाही, त्यामुळे चोरायला काही उरत नाही, आणि नोव्हेंबरात त्याचा घसा बसत नाही. ते चमच्यातला ‘च’ आणि चहातला ‘च’ एकाच घाण्यात काढतं, पण ‘नका’ कधी विसरत नाही, हे मान्य करायला हवं. काकूंना ते ऐकवलं. त्या म्हणाल्या, “बरं वाचतो मुलगा. पण मजकुरावर काहीच कसं बोलत नाही?”

तेव्हा मराठी मजकूर लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि त्यावर सही करणाऱ्या सर्वांना हात जोडून विनंती आहे. हिंदीत शंभर शब्द असतील तिथे मराठीत ऐंशीच लिहा. अर्थ राहतो, घाम वाचतो. नावं बदलायची असतील तर फिल्म सुरू होण्याआधी बदला. आणि शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर एकच शब्द बदलायचा असल्यास सोमवारी सकाळी सांगा.